जमिनीखालचे खांब

महाराष्ट्रातील जुन्या गावकऱ्यांच्या बोलण्यात 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द वारंवार येत असत. जुन्या कागदपत्रांतही ते आढळतात. 'काळी' म्हणजे गावची शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावची वस्ती. पीक काळीत घ्यावे आणि घर पांढरीवर बांधावे, असा शिरस्ता होता. काळ्या मातीत कपाशी, ज्वारी आणि तूर जोमाने वाढतात. जी माती पिकाला एवढी माया लावते, तिच्यावर घर बांधण्यास लोक का कचरत असत, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर मातीच्या स्वभावात आहे. माणसांप्रमाणे मातीचेही निरनिराळे स्वभाव असतात. जी माती पिकाला चांगली, ती घराला चांगली असतेच असे नाही.

आज गावे वाढली आहेत. पांढरीवर जागा उरली नाही, म्हणून वस्ती काळीत उतरली आहे. काळ्या रानात शाळा, दवाखाने आणि माणसांची घरे उभी राहत आहेत. एखादे कुटुंब आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधते आणि दोन-चार पावसाळे जातात न जातात तोच भिंतींना तडे पडू लागतात, असे ठिकठिकाणी दृष्टीस पडते. तेव्हा दोष विटांचा असतो काय? गवंड्याचा असतो काय? पुष्कळदा दोष या दोघांचाही नसतो. पायाखालची जमीन कशी आहे, हे कोणी तिला विचारलेले नसते, एवढेच.

घर उभे राहते म्हणजे नेमके काय होते, ते प्रथम पाहू. छपराचा भार भिंतींवर येतो, भिंतींचा भार पायावर येतो आणि पाया तो सगळा भार जमिनीच्या हवाली करतो. जमिनीच्या खाली हा भार घेणारे दुसरे कोणीच नाही. म्हणून घराची खरी कसोटी पायापाशी लागते. पाया कातळावर टेकला असेल, तर चिंता नाही. घट्ट मुरूम असेल, तरीही बहुधा काळजीचे कारण नसते. परंतु खाली दलदल, गाळ, सैल भराव किंवा फुगणारी चिकण माती असेल, तर तोच भार पेलणे जमिनीला अवघड जाते.

पावसाळ्यात चिखलात रुतलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. गाडीचा सारा भार चाकांच्या अरुंद धावांवर येतो आणि चाके खाली जातात. अशा वेळी गाडीवान काय करतो? तो चाकाखाली फळी घालतो. गाडीचा भार काही कमी होत नाही, परंतु तो फळीमुळे अधिक जागेवर पसरतो आणि चिखलाला सोसवतो. पाया भिंतीपेक्षा रुंद घालतात, त्याचे कारण हेच होय. जमीन थोडीशी मऊ असेल, तर पाया आणखी रुंद करून भागते. काही वेळा साऱ्या घराखाली एकच अखंड काँक्रीटची लादी घालतात. परंतु चिखल फारच खोल असेल, तर फळीही त्यात बुडते. तेव्हा दुसरा उपाय शोधावा लागतो.

मऊ जमिनीवर घर थोडेसे खचले, तरी त्यात एक भेद ध्यानात ठेवावा. सारे घर सर्व बाजूंनी सारखे खचले, तर पायऱ्यांची उंची कमी होईल, नळ-मोऱ्यांची जोडणी बिघडेल. परंतु भिंती सहसा फाटणार नाहीत. खरा घात होतो तो असमान खचण्याने. एक कोपरा खाली गेला आणि दुसरा जागेवरच राहिला, की मधली भिंत ताणली जाते. वीट आणि दगड हे दाब सोसण्यात पटाईत असतात, पण ताण त्यांना सोसत नाही. मग खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग सुटते.

असमान खचण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे इटली देशातील पिसा शहराचा मनोरा. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले. एवढ्या उंच आणि जड मनोऱ्याचा पाया जेमतेम ३ मीटर खोल होता आणि खालची माती मऊ होती. तिसरा मजला होतो न होतो तोच मनोरा एका बाजूस कलू लागला. पुढे शतकानुशतके तो थोडाथोडा कलतच राहिला. अखेर १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. स्थापत्यशास्त्रज्ञांनी त्याच्या उंच राहिलेल्या बाजूखालची माती सावकाश व बेताने काढून घेतली, तेव्हा मनोरा किंचित सरळ झाला आणि २००१ मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला. प्रवासी तो कौतुकाने पाहतात. परंतु आपले राहते घर तसे कलावे असे कोणालाही वाटणार नाही.

वरची जमीन भरवशाची नसेल, तर काय करावे? उत्तर ऐकण्यास सोपे आहे. भरवशाची जमीन जेथे असेल तेथपर्यंत खाली जावे. परंतु १०-१२ मीटर खोल चर खणून तेथून भिंत उचलत आणणे म्हणजे जमिनीखाली दुसरे घर बांधण्यासारखेच आहे. शिवाय दलदलीत चर खणला, तर तो पाण्याने भरतो आणि त्याच्या कडा ढासळतात. म्हणून माणसाने एक युक्ती काढली. चर न खणता त्याने लांब खांब जमिनीत उतरविले आणि त्यांच्या माथ्यांवर घर उभे केले. बांधकामावर अशा खांबांना 'पाईल' म्हणतात.

हे खांब भार दोन प्रकारांनी पेलतात. काही खांब खालच्या कठीण थरावर टेकतात. पलंगाचे पाय जसे फरशीवर टेकतात, तसेच हे. वरची माती कितीही मऊ असली, तरी घराचा भार तिला ओलांडून सरळ कठीण थरापर्यंत पोहोचतो. दुसरा प्रकार घर्षणाचा. ओल्या वाळूत एक काठी खोल रोवून पाहा. तिचे टोक कोठेही दगडाला लागलेले नसते. तरीही ती सहजासहजी खाली ढकलता येत नाही आणि वर उपटताही येत नाही. वाळू तिला चहूबाजूंनी धरून ठेवते. जमिनीतही तसेच घडते. कठीण थर फार खोल असेल, तर लांब खांबांच्या अंगाला धरून ठेवणारी माती बराच भार उचलते. पुष्कळ खांब या दोन्ही प्रकारांनी मिळून काम करतात.

या युक्तीवर एक मोठे शहर कसे उभे राहिले, हे पाहावयाचे असेल, तर हॉलंडमधील आम्स्टरडॅमकडे वळले पाहिजे. हॉलंडचा पुष्कळसा भाग समुद्राच्या पातळीहूनही खाली आहे. आम्स्टरडॅमची भूमी म्हणजे मऊ चिकण माती आणि कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर. वाळूचा पहिला घट्ट थर लागतो तो सुमारे १२ मीटर खाली. अशा जागी तीन-चार मजली विटांची घरे बांधावयाची, तर साध्या पायाचा काय उपयोग?

आम्स्टरडॅमच्या लोकांनी उंच, सरळ झाडांचे बुंधे आणले. बारीक टोक खाली करून ते जमिनीत ठोकले. ठोकण्याचे काम माणसांच्या बळावर चाले. उंच तिकाटण्याला कप्पी बांधून तिच्यावरून दोर घेत. दोराच्या एका टोकाला जड ठोकळा असे. दुसऱ्या टोकाला अनेक फाटे फोडलेले असत आणि एकेक फाटा एकेका मजुराच्या हाती असे. सर्वांनी एकदम ओढले, की ठोकळा वर जाई. सर्वांनी एकदम सोडले, की तो धाडकन बुंध्याच्या माथ्यावर आदळे. तीस-चाळीस माणसांचे हात एकाच क्षणी हलावेत, म्हणून ही माणसे गाणी म्हणत. मुकादम एक ओळ म्हणे आणि तिच्या तालावर दोर ओढले जात. जड काम गाण्याच्या तालावर हलके करण्याची रीत आपल्याकडच्या मजुरांना आणि जात्यावरच्या आयाबहिणींना काही नवीन नाही. बुंधा ठोक्यागणिक खाली जाई. शेवटी तो वाळूच्या थरात शिरला, की कितीही ठोकले तरी फारसा हलत नसे. मग तेथे काम थांबवीत आणि दुसरा बुंधा घेत.

या शहरातील सर्वांत प्रसिद्ध इमारत म्हणजे 'डाम' चौकातील राजवाडा. मुळात ते नगरभवन होते. याकोब फान कांपेन या वास्तुविशारदाने त्याची रचना केली. १६४८ मध्ये काम सुरू झाले आणि १६५५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई याने त्याचा राजवाडा केला. ही दगडी इमारत लाकडाच्या १३,६५९ खांबांवर उभी आहे. एवढा आकडा लक्षात कसा ठेवावा? तेथील शाळकरी मुलांना याची एक सोपी खूण शिकवितात. वर्षाचे दिवस किती? ३६५. त्याच्या आधी १ लिहा आणि शेवटी ९ लिहा. झाला आकडा तयार!

इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाने एकदा थट्टा केली होती, असे सांगतात की, मला असे एक शहर ठाऊक आहे की ज्यातील लोक कावळ्यांप्रमाणे झाडांच्या शेंड्यांवर राहतात! थट्टा असली, तरी ती खोटी नाही. त्या शहराच्या जुन्या भागाखाली खरोखरीच एक उलटे रान उभे आहे.

येथे एक शंका येते. लाकूड मातीत पुरले, तर ते कुजते. आपण कुंपणाला लाकडी खुंट रोवतो आणि काही वर्षांतच तो जमिनीलगत सडून मोडतो. मग हे बुंधे शेकडो वर्षे कसे टिकले? याचे उत्तर त्या खुंटातच आहे. तो मोडतो तो जमिनीलगत, म्हणजे जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तेथे. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओलीबरोबर हवाही लागते. आम्स्टरडॅमचे खांब माथ्यापर्यंत सदैव भूजलात बुडालेले असतात. तेथे बुरशीला हवा मिळत नाही. काही सूक्ष्म जिवाणू पाण्याखालीही लाकूड पोखरतात, परंतु त्यांचे काम फार सावकाश चालते. ज्या पाण्याला आपण घराचा शत्रू समजतो, तेच पाणी तेथे खांबांचे रक्षण करते.

परंतु हे रक्षण पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. काही कारणाने भूजलाची पातळी खाली गेली, तर खांबांचे माथे उघडे पडतात, त्यांना हवा लागते आणि बुरशी आपले काम सुरू करते. माथा कुजला, की त्यावरची भिंत खचते. हॉलंडमधील अनेक जुन्या शहरांतील घरमालकांना आज हा प्रश्न भेडसावीत आहे. अशा घरांखाली नवा पाया घालणे फार खर्चाचे काम असते. म्हणून पुढच्या काळात तेथे लाकडी खांबाच्या माथ्यावर काँक्रीटचा तुकडा बसविण्याची रीत आली. लाकूड पाण्याखाली सुरक्षित राहते आणि पाणी थोडे उतरले, तरी काँक्रीटला त्याची बाधा होत नाही. आता तर नवी घरे बहुतेक काँक्रीटच्या खांबांवरच बांधतात. तेव्हा खांब ठोकून झाले म्हणजे सगळे झाले, असे नाही. खांब ज्या पाण्यात आणि ज्या मातीत उभा आहे, त्यांचीही ओळख ठेवावी लागते.

आता आपण आपल्या काळीकडे परत येऊ. आम्स्टरडॅमच्या जमिनीचा दोष असा, की ती भाराखाली दबते. आपल्या काळ्या मातीचा दोष निराळा आहे. उन्हाळ्यात कोरड्या काळ्या रानात पाय ठेवाल, तर ती दगडासारखी कठीण लागते. तेव्हा ती दुबळी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच रानात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या दिसतात. मृगाचा पाऊस पडला, की त्या भेगा हळूहळू मिटतात. याचा अर्थ असा, की ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात सुकून आकसते.

ही माती आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाची, म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिशय सूक्ष्म आणि पापुद्र्यांच्या चवडीसारखे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. एका कणाचे फुगणे डोळ्यांना दिसणार नाही. परंतु असे अगणित कण एकदम फुगले, की ते घरसुद्धा उचलतात.

याचा पडताळा तुम्हांला घरीच घेता येईल. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत काळी माती आणि दुसरीत बारीक मुरूम पाण्यात कालवून काठोकाठ भरा. दोन्ही वाट्या काही दिवस उन्हात ठेवा. काळी माती वाटीच्या कडेपासून सुटून आत आकसलेली आणि भेगाळलेली दिसेल. मुरुमाचा आकार फारसा बदललेला नसेल. वाटीत जे घडले, तेच दरवर्षी काळ्या रानात घडत असते.

अशा मातीवर साधा, उथळ पाया घातला तर काय होते? पावसाळ्यात घराच्या बाहेरच्या बाजूची माती भिजते आणि फुगते. घराच्या मधोमध छपराच्या आडोशाने ती तितकी भिजत नाही. उन्हाळ्यात बाहेरची माती सुकते आणि आकसते. आतली ओल मात्र टिकून राहते. म्हणजे घराच्या कडा दरवर्षी वर-खाली होतात आणि मध्यभाग जवळजवळ जागेवरच राहतो. भिंतींना एकदा वरून, एकदा खालून ताण बसतो. मग तडे पडतात, दारे चौकटीत अडकतात, फरशी उचलली जाते. घरमालक दरवर्षी तडे चुन्या-सिमेंटने बुजवितो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा उघडतात. दुखणे पायाखाली असताना भिंतीला मलम लावून काय होणार?

यावरचा उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली. पावसाने भिजण्याचा आणि उन्हाने सुकण्याचा खेळ वरच्या थरातच चालतो. सुमारे साडेतीन मीटरच्या खाली मातीची ओल वर्षभर जवळजवळ सारखी राहते. जेथे ओल बदलत नाही, तेथे माती फुगतही नाही आणि आकसतही नाही. म्हणजे घराला भरवशाची जागा आहे. ती फक्त खोल आहे. रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आपल्या देशातील साध्या घरांना परवडेल अशा खांबांची रीत रूढ केली.

हा खांब ठोकून घालीत नाहीत. तो जागच्या जागी ओततात. प्रथम सुतार लाकडाला भोक पाडण्यास गिरमिट वापरतो, तशाच प्रकारच्या मोठ्या गिरमिटाने जमिनीत उभे भोक पाडतात. दोन-चार माणसे दांडा धरून ते फिरवितात आणि अधूनमधून वर काढून त्यातील माती झाडतात. भोक हव्या तितक्या खोल गेले, की त्यात दुसरे हत्यार सोडतात. त्याची पाती तळाशी गेल्यावर छत्रीप्रमाणे बाहेर उघडतात आणि फिरविली असता भोकाचा तळ रुंद कापतात. मग आत लोखंडी सळयांचा सांगाडा सोडून काँक्रीट ओततात. काँक्रीट घट्ट झाले, की वर बारीक दांडा आणि तळाशी मोठा फुगार गोळा असा खांब तयार होतो. गोळ्याची रुंदी दांड्याच्या साधारणपणे अडीच पट असते. दांडा ३० सेंटीमीटर असेल, तर गोळा ७५ सेंटीमीटर होतो.

हा गोळा कशासाठी? त्याची दोन कामे आहेत. पहिले काम भार पसरविण्याचे. गाडीच्या चाकाखालच्या फळीचे काम येथे गोळा करतो. दुसरे काम अधिक नाजूक आहे. पावसाळ्यात वरची माती फुगते, तेव्हा ती खांबाचे अंग धरून त्याला वर ओढू पाहते. नुसता सरळ खांब मुळ्यासारखा उपटला जाऊ शकतो. परंतु तळाचा रुंद गोळा खालच्या स्थिर मातीत अडकलेला असतो. तो खांबाला जागचा हलू देत नाही. आम्स्टरडॅमचा खांब घराला बुडू देत नाही. काळ्या मातीतला खांब घराला बुडूही देत नाही आणि उचलूही देत नाही.

भारतीय मानकांपैकी आय. एस. २९११ या मानकाच्या तिसऱ्या भागात या खांबांचे नियम दिले आहेत. १९८० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. खोल काळी माती असेल तेथे खांब जमिनीपासून निदान साडेतीन मीटर खाली गेला पाहिजे, असा त्यातील एक नियम आहे. याचे कारण तुमच्या आता ध्यानात आलेच असेल. खांब वरच्या हलत्या थरातच थांबला, तर तो असून नसून सारखाच.

खांब तयार झाले, की त्यांच्या माथ्यांवर जोत्याची काँक्रीटची तुळई घालतात. बांधकामावर तिला 'प्लिंथ बीम' म्हणतात. भिंत या तुळईवर उभी राहते. आता येथे एक बारकावा आहे. तुळईचा तळ जमिनीला टेकू द्यावयाचा नसतो. दोहोंमध्ये निदान ८ सेंटीमीटरची पोकळी ठेवावी लागते. अजाण माणसाला वाटते, की ही फट चुकून राहिली. आणि तो ती मातीने ठासून भरून टाकतो. पुढच्या पावसाळ्यात ती माती फुगते, तिला जागा उरलेली नसते आणि ती तुळईला खालून रेटू लागते. एवढ्या कष्टाने घातलेल्या खांबांचा उपयोग त्या टोपलीभर मातीने कमी होतो. मातीला फुगण्यापासून कोणी अडवू शकत नाही. तिला फुगण्यास मोकळी जागा ठेवणे हेच शहाणपण. शिवाय घराच्या कडेने पाणी साचू न देणे, मोऱ्या गळू न देणे आणि पाणी दूर वाहून जाईल असा उतार ठेवणे, ही पथ्येही पाळावी लागतात.

इतका खटाटोप प्रत्येक घराला करावा लागतो काय? मुळीच नाही. हातभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागत असेल, तर साधा पायाच उत्तम. तेथे खांब घालणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. मुंबईत समुद्रात भराव टाकून मिळविलेल्या जमिनीवर उंच इमारती बांधताना खांब भराव आणि गाळ ओलांडून खडकापर्यंत न्यावे लागतात. काळ्या मातीत घर लहान असले, तरी माती खोल असेल तर खांबांचा विचार करावा लागतो. तेव्हा पहिला प्रश्न 'किती मोठे घर बांधावयाचे?' हा नसून 'खाली काय आहे?' हा आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी बांधकामापूर्वी चाचणीचा खड्डा घेतात किंवा भोक पाडून खालच्या थरांतील मातीचे नमुने तपासतात. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने या तपासणीचा खर्च अगदी थोडा असतो. परंतु ती टाळली, तर पुढे घरच पुन्हा बांधण्याची पाळी येऊ शकते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी गवंडी होईल. घर मात्र बहुतेकांना बांधावे लागेल. त्या वेळी रंग कोणता द्यावा, खिडक्या कशा असाव्यात, याची चर्चा खूप होईल. पायाविषयी बोलण्यास कोणी उत्सुक नसेल, कारण तो मातीखाली झाकला जाणार आणि पाहुण्यांना दिसणार नाही. परंतु मध्यरात्री धो धो पाऊस पडत असताना घरातील लहानथोर निर्धास्त झोपतात, ते त्या न दिसणाऱ्या खांबांच्या भरवशावर. आपल्या पूर्वजांनी काळी आणि पांढरी यांतला भेद जाणला होता. आज आपल्याला काळीवरही घर बांधता येते, हे खरे. पण ते काळीचा स्वभाव विसरून नव्हे, तर तो नीट ओळखून.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'काळी' आणि 'पांढरी' या शब्दांचे अर्थ काय?
(आ) आम्स्टरडॅमच्या राजवाड्याखाली किती खांब आहेत? हा आकडा लक्षात ठेवण्याची खूण कोणती?
(इ) काळ्या मातीतील खांबाचा तळ रुंद का करतात?

२. कारणे द्या.
(अ) रुतलेल्या चाकाखाली गाडीवान फळी घालतो.
(आ) आम्स्टरडॅमचे लाकडी खांब शेकडो वर्षे टिकले आहेत.
(इ) जोत्याची तुळई आणि जमीन यांच्यामध्ये पोकळी ठेवतात.

३. आम्स्टरडॅमची जमीन आणि आपली काळी माती यांच्या स्वभावातील फरक आठ-दहा ओळींत लिहा.

४. पाठात सांगितलेला दोन वाट्यांचा प्रयोग करा. रोज काय दिसले, ते दिनांक घालून वहीत नोंदवा.

५. आपल्या गावात विहीर किंवा पाया खणण्याचे काम चालू असेल, तर वडीलधाऱ्या माणसांबरोबर जाऊन दुरून पाहा. वरपासून खालपर्यंत मातीचे कोणते थर दिसतात, त्यांची आकृती काढा.